सहा मित्र, तीन दिवस आणि घाटमाथ्यावरचे जंगल : चाकूच्या आधी काय ठरवावे

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यातले तुम्ही सहा मित्र डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जुन्नर-भीमाशंकर पट्ट्यातील घाटमाथ्यावर तीन दिवस आणि दोन रात्री राहणार आहात. प्रत्येकाजवळ एक चाकू, एक काडेपेटी, थोडी दोरी आणि पाण्याची एक बाटली असेल. अन्न, तंबू आणि स्लीपिंग बॅग न्यायची नाही, कोणाची मदत घ्यायची नाही आणि मोबाइल बंद ठेवायचे, असे तुमचे ठरले आहे. चाकू कोणता घ्यावा, जंगलात खायला काय मिळेल आणि तुमच्यातील एका मित्राला दमा असल्यामुळे काही अडचण येईल का, या तीन गोष्टी तुम्ही विचारल्या आहेत.

चाकूचे उत्तर लहान आहे. पाते मुठीच्या शेवटापर्यंत गेलेले असावे, ते घडीचे नसावे आणि त्याला घट्ट बसणारे म्यान असावे. सहा जणांत सहा चाकू नेण्यापेक्षा दोन चाकू आणि एक कोयता पुरेसा आहे, कारण नवख्या गटात हाताला होणाऱ्या दुखापती बहुतेक चाकूनेच होतात. खाण्याविषयी आणि दम्याविषयी पुढे लिहितो. त्याआधी, तुम्ही न विचारलेला एक प्रश्न मला तुमच्या बेतातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : ‘आता पुरे, परत फिरू’ असे तुमच्यापैकी कोण म्हणणार आहे आणि त्याने म्हटल्यावर बाकीचे ते ऐकणार आहेत का?

मी सह्याद्रीत गट घेऊन फिरतो, नवख्यांना शिकवतो आणि अडकलेल्या मंडळींना खाली आणण्याच्या कामातही वेळोवेळी सहभागी होतो. एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांचा गट आणि मित्रांचा गट यांच्या वागण्यात मला ठळक फरक दिसतो. अनोळखी लोक प्रमुखाचे ऐकतात, कारण त्यांच्यात त्याच्याशिवाय दुसरा धागा नसतो. मित्रांमध्ये प्रमुख नेमलेला नसतो. ज्याचा उत्साह जास्त, तोच नकळत पुढे चालू लागतो आणि जो सर्वांत अधिक दमलेला असतो तो चेष्टा होईल म्हणून गप्प राहतो. मधले सगळे एकमेकांच्या चेहऱ्याकडे पाहून ‘याला काही होत नाही, मग मला कशाला व्हावे’ असा हिशेब करतात. अशा रीतीने सहाही जणांना मनातून परत फिरावेसे वाटत असताना सहाही जण अंधार पडेपर्यंत पुढे चालत राहतात. मैत्री जितकी जुनी, तितके हे अधिक घडते.

याच्या उलट उदाहरणही आहे. १९६५ च्या जून महिन्यात टोंगा देशातील नुकुअलोफा येथील वसतिगृहात राहणारी सहा शाळकरी मुले एका कोळ्याची होडी न विचारता घेऊन समुद्रात गेली. वादळात शीड आणि सुकाणू गेले. आठ दिवस भरकटल्यावर ती ‘आता’ नावाच्या निर्मनुष्य बेटाला लागली आणि तेथे पंधरा महिने राहिली. सप्टेंबर १९६६ मध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन नाविकाला ती सापडली, तेव्हा सहाही जण धडधाकट होते. त्यांनी जोड्या करून बाग, स्वयंपाक आणि पहारा यांच्या पाळ्या लावल्या होत्या, ओंडके कोरून त्यांत पावसाचे पाणी साठवले होते आणि पेटवलेला विस्तव विझू दिला नव्हता. भांडण झाले की भांडणारे दोघे बेटाच्या दोन टोकांना जाऊन राग शांत झाल्यावरच परत येत. एक मुलगा कड्यावरून पडून त्याचा पाय मोडला, तेव्हा इतरांनी काठ्यांनी पाय बांधला आणि त्याच्या वाटचे काम आपसांत वाटून घेतले. मला या हकिगतीतली आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या बेटावर पूर्वी वस्ती होती आणि १८६३ मध्ये गुलामांचा व्यापार करणाऱ्यांनी तेथील बरीच माणसे पळवून नेल्यावर उरलेल्यांना दुसऱ्या बेटावर हलवल्यामुळे ते ओस पडले होते. जुन्या गावठाणाच्या जागी त्या मुलांना अळूचे कंद, केळी आणि रानटी झालेल्या कोंबड्या सापडल्या. म्हणजे मुलांची चिकाटी खरीच, पण त्यांचे पोट भरले ते आधीच्या माणसांच्या शेतीवर.

आपल्या घाटमाथ्यावरही हेच आहे. ज्या पट्ट्यात तुम्ही जाणार आहात तेथे पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, पण काळ्या कातळाच्या उतारावरून तो वाहून जातो आणि दिवाळीनंतर एकेक ओढा आटू लागतो. डिसेंबरअखेरीस कोणत्या ओढ्याच्या कोणत्या डोहात पाणी आहे हे नकाशा सांगत नाही. वाडीतला माणूस सांगतो. नाणेघाटात सातवाहनांच्या काळातला शिलालेख आहे आणि त्याच वाटेवर खडकात खोदलेली पाण्याची टाकीही आहेत. किल्ल्यांवरची टाकी, वाटेकडेचे झरे, गुरांसाठी राखलेली डबकी हे सगळे कोणीतरी शोधलेले किंवा खोदलेले पाणी आहे. म्हणून ‘कोणाची मदत घ्यायची नाही’ ही तुमची अट मला मुळात चुकीची वाटते. तेथील महादेव कोळी आणि ठाकर समाजातील जाणत्या माणसाबरोबर एक दिवस फिरून पाण्याच्या जागा पाहून घ्या आणि त्याच्या वेळेचे पैसे त्याला द्या. चाकू हाताळण्याच्या सरावापेक्षा तुम्ही त्या दिवशी अधिक शिकाल.

तुमच्या बेताविषयी मी जे सांगतो आहे त्यातले पुष्कळ काही परिस्थितीवर अवलंबून आहे, हे मान्य करतो. तुमच्यापैकी कोणी पूर्वी रात्रीचे मुक्काम केले आहेत का, कोणी गिर्यारोहणाचे रीतसर प्रशिक्षण घेतले आहे का, त्या आठवड्यात थंडीची लाट आहे का, तुमची जागा डांबरी रस्त्यापासून अर्ध्या तासावर आहे की पाच तासांवर, यांवर उत्तर बदलते. तुम्ही सहाही जण दिवसाचे ट्रेक करणारे पण उघड्यावर रात्र न काढलेले आहात, असे धरून मी लिहितो. तसे नसेल तर काही सूचना तुम्हाला जास्त कडक वाटतील.

सर्वांत आधी जागा ठरवा, कारण तिच्यात कायदा येतो. भीमाशंकर हे अभयारण्य आहे. तेथे वन खात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, शिकार करता येत नाही, फासे लावता येत नाहीत आणि जंगलाला धोका होईल असा विस्तव करता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हे गुन्हे आहेत. अभयारण्याबाहेरच्या राखीव वनातही विस्तवावर आणि वृक्षतोडीवर १९२७ च्या भारतीय वन कायद्याची बंधने आहेत. कायदा बाजूला ठेवला, तरी डिसेंबरात गवत वाळलेले असते आणि एका ठिणगीने अख्खा डोंगर पेटतो. तेव्हा गावकऱ्याच्या मालकीच्या पडीक रानात, त्याची परवानगी घेऊन, वाडीपासून हाकेच्या नव्हे पण अर्ध्या तासाच्या अंतरावर जागा घ्या. तेथे जमीन खरवडून, दगडांचे कडे करून, पाणी जवळ ठेवून लहान विस्तव करता येतो. विस्तव कड्याखाली मात्र करू नका. कड्यांना आग्या मोहोळ लागलेले असते आणि धूर वर गेला की मधमाश्या खाली येतात. किल्ल्यांवर अशा हल्ल्यांत माणसे गंभीर जखमी झाली आहेत. जागा ठरवताना मान वर करून कडा नीट पाहणे ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. अत्तर किंवा सुवासिक फवारा मारूनही जाऊ नका.

आता क्रम कसा लावायचा ते पाहू. जंगलात टिकून राहण्याचे शिक्षण देणारे लोक तीनचा ढोबळ नियम सांगतात : हवेविना तीन मिनिटे, कडाक्याच्या हवामानात निवाऱ्याविना तीन तास, पाण्याविना तीन दिवस आणि अन्नाविना तीन आठवडे. आकडे ढोबळ आहेत, पण त्यांतून जो क्रम निघतो तो बरोबर आहे. तुमच्या प्रश्नात अन्नाचा विचार आहे आणि थंडीचा उल्लेखही नाही. घाटमाथ्यावर डिसेंबरअखेर रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली जाऊ शकते आणि वारा सुटला की ते त्याहून कमी वाटते. एवढ्या थंडीने निरोगी माणूस सहसा दगावत नाही, पण घामाने भिजलेला सदरा अंगावर घेऊन, उपाशीपोटी, उघड्या जमिनीवर झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी कड्याच्या वाटेवर नीट चालू शकत नाही. अंगाची ऊब वाऱ्याइतकीच जमीनही ओढून घेते. त्यामुळे डोक्यावरच्या छपरापेक्षा पाठीखालचे अंथरूण आधी करावे लागते आणि वाळलेल्या गवताचा दाबून वीतभर उंच राहील इतका थर सहा जणांसाठी गोळा करायला दोन तास सहज जातात. ते गवत काठीने झटकून घ्या, कारण विंचू आणि साप तुमच्या आधी तेथे राहायला आलेले असू शकतात. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि दरीत त्याच्या बरेच आधी अंधारते. म्हणून माझ्या गटांत दुपारी चारनंतर पुढे चालायचे नाही, असा नियम असतो. चारला जेथे असू तेथे किंवा मागे दिसलेल्या जागेवर मुक्काम करायचा.

पाण्याचा हिशेब साधा आहे. चालणाऱ्या माणसाला दिवसाला तीन ते चार लिटर पाणी लागते, म्हणजे सहा जणांना चोवीस लिटरपर्यंत. तुमच्याजवळ सहा बाटल्या आहेत. एका जोडीने दिवसभर फक्त पाणी आणायचे आणि उकळायचे म्हटले तरी भांडे लागेल आणि तुमच्या यादीत भांडे नाही! एक मोठे पातेले न्या. पाणी खळखळून उकळल्यावर एक मिनिट तसेच ठेवणे आपल्याकडच्या उंचीवर पुरेसे असते. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. क्लोरीनच्या गोळ्या सोबत असाव्यात.

जंगलात मिळेल त्यावर पोट भरेल, हा तुमचा अंदाज मात्र पार चुकला आहे. करवंदे आणि जांभळे उन्हाळ्यातली, रानभाज्या पावसाळ्यातल्या. डिसेंबरात आवळे आणि बोरे मिळतील, कोठे उंबर मिळेल आणि त्यावर सहा जणांचे पोट भरणार नाही. कंद खणायचा विचार सोडून द्या. कडूकंद जाणकार लोकही शिजवून, वाहत्या पाण्यात ठेवून, कडूपणा काढल्यावरच खातात. कळलावीचा कंद तर प्राणघातक विषारी असतो. पावसाळ्यानंतर या वेलींची पाने वाळून जातात, त्यामुळे डिसेंबरात पानावरून ओळख पटवण्याची सोयही उरत नाही. बिब्ब्याच्या झाडाचा चीक अंगावर फोड उठवतो, म्हणून ओळखू न येणारे लाकूड जाळू नका. तीन दिवस उपाशी राहिल्याने धडधाकट माणसाचा जीव जात नाही, हे खरे. पण त्याची विचारशक्ती मंदावते, चिडचिड वाढते आणि थंडी जास्त वाजते. दर माणशी दर दिवसाला दोन मुठी तांदूळ, एक मूठ मूगडाळ, गूळ आणि शेंगदाणे एवढे न्या. तुमच्या साहसात त्याने काही उणे येणार नाही.

याच संदर्भात एक बारीक गोष्ट. ज्याला दिवसाला चार-पाच कप चहा लागतो त्याचे डोके चहा बंद केल्यावर बारा ते चोवीस तासांत ठणकू लागते. गटात याचा अर्थ भलताच लावला जातो. कोणी म्हणते पाणी कमी पडले, कोणी म्हणते ऊन लागले, आणि तंबाखू-सिगारेट बंद झालेला माणूस त्यात आपली भर घालतो. पहिल्या संध्याकाळी डोकेदुखी आणि दुसऱ्या दुपारी भांडण, हे मी इतक्या गटांत पाहिले आहे की दुसऱ्या दुपारी मी मुद्दाम कोणतेही अवघड काम ठेवत नाही. तुम्हीही ठेवू नका. निघण्याआधी आठवडाभर चहा कमी करत न्या किंवा सरळ चहापत्ती सोबत घ्या.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. तुमच्या बेतातली कसोटी कायम ठेवून तो सुरक्षित करण्याचा एक मार्ग मी वापरतो, त्याला आम्ही बंद पिशवी म्हणतो. सहा जणांची पांघरुणे, ताडपत्री, विजेऱ्या, मीठ-साखरेच्या पुड्या, प्रथमोपचाराची पेटी, जादा अन्न आणि पूर्ण चार्ज केलेले दोन मोबाइल अशा वस्तू दोन सॅकमध्ये भरायच्या, तोंड दोरीने बांधून त्यावर चिकटपट्टी लावायची आणि त्या सॅक कायम गटाबरोबर ठेवायच्या. उरलेल्या साहित्यावर तुम्ही हवे तेवढे जंगली आयुष्य जगा. पिशवी उघडली की प्रयोग संपला आणि ती कोणीही, कारण न देता, उघडू शकतो. येथे बहुमत चालवू नका, कारण बहुमत नेहमी पुढे जाण्याच्या बाजूने पडते. एकाचा नकार हा सगळ्यांचा नकार, हे घरी बसूनच कबूल करून घ्यायचे असते. त्याशिवाय कोणत्या प्रसंगी पिशवी आपोआप उघडायची तेही कागदावर लिहा : ताप आला, कापरे थांबेना किंवा बोलणे अडखळू लागले, पाऊस आला, कोणी अर्धा तास दिसला नाही, बाटल्या अर्ध्याहून कमी झाल्या आणि पुढचे पाणी नक्की ठाऊक नाही. लिहिलेल्या अटीमुळे परत फिरण्याचा निर्णय कोणा एकाच्या भित्रेपणावर ढकलता येत नाही, हा तिचा खरा उपयोग आहे.

प्रमुख रोज बदला आणि कामे जोड्यांत वाटा : एक जोडी पाण्याला, एक निवाऱ्याला, एक विस्तवाला. जोडीतल्या माणसाने जोडीदाराचे पाय, लघवीचा रंग आणि बोलणे यांवर लक्ष ठेवायचे. शौचालाही सांगितल्याशिवाय जायचे नाही. सहा ही संख्या चांगली आहे. एक जखमी झाला, तर दोघे त्याच्याजवळ थांबू शकतात, दोघे एकत्र खाली जाऊन मदत आणू शकतात आणि एक हात मोकळा राहतो.

मोबाइल बंद ठेवण्याऐवजी एअरप्लेन मोडवर ठेवा. बॅटरी टिकते आणि आधी उतरवून घेतलेल्या नकाशावर नेटवर्क नसतानाही तुमची जागा दिसते. प्रत्येकाच्या गळ्यात शिटी असू द्या. मिनिटाला सहा शिट्या, मग मिनिटभर शांतता, पुन्हा सहा, ही संकटाची खूण गिर्यारोहकांना ठाऊक असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आपल्याकडे आहेत. दंश झाल्यास कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांतले काहीही करू नका. तो अवयव हलणार नाही असा आधार देऊन माणसाला उचलून खाली आणा. प्रतिसर्पविष फक्त रुग्णालयात मिळते, म्हणून सर्वांत जवळच्या कोणत्या ग्रामीण रुग्णालयात त्याचा साठा आहे हे निघण्याआधी विचारून ठेवा. लाल विंचवाचा दंशही हलका मानू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून माणसे वाचतात, पण त्यासाठी ती डॉक्टरपर्यंत पोहोचावी लागतात.

येथवरचे थोडक्यात सांगायचे तर : जागा मालकीची आणि रस्त्याजवळची, पाणी आधी पाहिलेले, अंथरूण अन्नाच्या आधी, अन्न घरचे, पिशवी बंद पण सोबत आणि नकाराचा अधिकार प्रत्येकाला. प्रत्यक्ष तीन दिवसांच्या मुक्कामाला निघण्याआधी एका शनिवारी रात्री याच पद्धतीने एक मुक्काम करून पाहा.

राहिला तुमचा दम्याचा मित्र. तो ‘मी येणारच’ म्हणतो, असे तुम्ही लिहिले आहे आणि मला त्याच्या दम्याइतकीच या वाक्याची काळजी वाटते, कारण असा माणूस त्रास लपवतो. थंड कोरडी हवा, गवताची धूळ आणि विस्तवाचा धूर या तिन्ही गोष्टी दमा चाळवणाऱ्या आहेत आणि तुमच्या बेतात तिन्ही आहेत. त्याने आधी आपल्या डॉक्टरांना बेत सांगून त्यांची परवानगी घ्यावी. ती मिळाली, तर त्याच्याजवळ दोन इनहेलर असावेत, एक त्याच्या खिशात आणि दुसरा त्याच्या जोडीदाराच्या खिशात; बंद पिशवीत एकही नको. इनहेलर कसा द्यायचा हे सहाही जणांनी शिकून घ्यावे. त्याची झोपण्याची जागा धुराच्या उलट बाजूला असावी आणि आराम पडून चार तासांच्या आत पुन्हा इनहेलर लागला किंवा इनहेलर घेऊनही धाप कमी झाली नाही, तर रात्र असली तरी त्याला घेऊन वाडीकडे निघावे. पहिल्या दिवसाचे प्रमुखपद मी त्यालाच देईन. चालण्याचा वेग मग तोच ठरवतो आणि त्याला काही लपवावे लागत नाही. डॉक्टर नको म्हणाले, तर त्याला पायथ्याच्या वाडीत ठेवा. तुमचा मार्ग, परतण्याची तारीख आणि वेळ लिहिलेला कागद घेऊन बसणारा आणि त्या वेळेनंतर दोन तास उलटताच ११२ ला फोन करून वाडीतली माणसे गोळा करणारा एक जण तुम्हाला लागणारच आहे. ते काम गटातल्या कोणी केले, तर ते परक्या माणसावर सोपवावे लागत नाही.